मुतखडा काढल्यानंतरचा निचरा

(रत्नागिरी येथे शेतकऱ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कृषिविद्येचा अध्यापक म्हणून एरवी मी आपल्यापुढे भात, नाचणी आणि कुळीथ यांच्या लागवडीविषयी बोलतो. आजचा विषय वेगळा आहे. प्रशिक्षण वर्गात जेवणाची सुट्टी झाली की कोणीतरी बाजूला घेऊन हळूच विचारतो, "सर, मुतखड्याचे ऑपरेशन झाले, पण आत नळी ठेवली आहे म्हणतात. ती कशासाठी?" हा प्रश्न इतक्या वेळा आला की मूत्रविकार तज्ज्ञांकडे बसून सर्व नीट समजून घेतले. मी वैद्यक शिकलेलो नाही. परंतु हा प्रश्न मुळात निचऱ्याचा आहे, आणि निचरा हा शेतकऱ्याला वेगळा शिकवावा लागत नाही.

आपल्याकडे पाऊस ३००० मिलिमीटरच्या वर पडतो आणि मे महिन्यात हंडाभर पाण्यासाठी विहिरीवर थांबावे लागते. त्याच दिवसांत आंब्याची काढणी चालू असते. सकाळपासून घाम गाळायचा, दुपारी पेटी भरायची आणि पाणी प्यायचे ते संध्याकाळी. लघवी दाट व पिवळी होते, उन्हाळी लागते. खार जमिनीवर पाणी आटले की मीठ कसे वर फुलते ते आपण पाहता. दाट लघवीतील क्षार मूत्रपिंडात तसेच बसतात आणि त्यांचा खडा होतो.

कुळथाचे कढण घेतल्याने खडा पडतो, असे घरोघरी सांगतात. कुळीथ हे आपले भातानंतरचे पीक आहे, ते जरूर खावे, मी त्याच्या विरुद्ध नाही. लहान खडा भरपूर पाण्याबरोबर लघवीतून निघून जातो, मग श्रेय कढणाला मिळते. पण सुपारीएवढा खडा मूत्रपिंडात बसलेला असेल तर तो कढणाने उतरत नाही. मूत्रवाहिनी जेमतेम ३ ते ४ मिलिमीटर रुंदीची असते. अशा खड्यासाठी शस्त्रक्रियाच लागते.

पाठीतून खडा काढणे

साधारण २ सेंटिमीटरपेक्षा मोठ्या खड्यासाठी जी शस्त्रक्रिया करतात तिला डॉक्टर पीसीएनएल म्हणतात. पूर्वी कुशीत वीतभर छेद घेऊन मूत्रपिंड उघडावे लागे. आता क्ष-किरण किंवा सोनोग्राफीच्या साहाय्याने पाठीतून एक सुई मूत्रपिंडात नेतात, ती वाट हळूहळू रुंद करतात, त्यातून दुर्बीण घालून खडा फोडतात आणि तुकडे बाहेर काढतात. वाट रुंद केल्यावरही १ सेंटिमीटरपेक्षा मोठी नसते; 'मिनी' प्रकारात त्याहून बरीच लहान असते. स्वीडनमधील फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी ही पद्धत १९७६ मध्ये प्रसिद्ध केली.

खडा निघाला म्हणजे काम संपले, असे आपल्याला वाटते. परंतु मूत्रपिंड त्या दिवशी सुट्टी घेत नाही. ते दिवसाला दीड लिटरच्या आसपास लघवी तयार करतच असते. आत नुकतीच जखम झालेली आहे, थोडे रक्त आहे, खड्याचा चुरा आहे आणि मूत्रवाहिनीला सूज आहे. भर पावसात खाचराची मोरी गाळाने बुजली तर काय होते? पाणी चढते आणि बांध जिथे कच्चा असेल तिथे फोडते. येथे कच्ची जागा म्हणजे पाठीतील ताजी वाट. शिवाय साचलेल्या लघवीत जंतू असतील तर ते दाबाने रक्तात शिरतात. म्हणून खडा काढल्यावर सर्जनला एक निर्णय घ्यावा लागतो: लघवीला वाट कोणती ठेवायची?

पाठीतून बाहेर येणारी नळी

सर्वांत जुनी रीत म्हणजे ज्या वाटेने खडा काढला त्याच वाटेत एक नळी ठेवायची आणि ती बाहेर पिशवीला जोडायची. हिला नेफ्रोस्टॉमी म्हणतात. नळीची जाडी 'फ्रेंच' या मापात सांगतात. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर. जाड नळी २० ते २४ फ्रेंचची, बारीक नळी ८ ते १४ फ्रेंचची असते. या नळीने तीन कामे होतात. लघवी व रक्त बाहेर येते. नळी वाटेला आतून दाबून धरते, त्यामुळे रक्तस्राव आटोक्यात राहण्यास मदत होते. आणि खडा शिल्लक राहिला असेल तर दोन-चार दिवसांनी त्याच वाटेने पुन्हा दुर्बीण घालता येते.

तोटा असा की ती दुखते. कुशीवर वळताना, खोकताना, श्वास घेताना ओढ बसते. नळी जितकी जाड तितके दुखणे अधिक. सर्व ठीक असल्यास १ ते २ दिवसांत ती काढतात. काढल्यावर त्या छिद्रातून काही तास, कधी दिवसभर लघवी झिरपते आणि पट्टी भिजते. यात घाबरण्यासारखे काही नाही; खालची नैसर्गिक वाट मोकळी झाली की वरचे झिरपणे आपोआप थांबते. मात्र दुसऱ्या दिवसानंतरही पट्ट्या भिजतच राहिल्या तर खाली कुठेतरी अडथळा आहे असे समजावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

'ट्यूबलेस' या शब्दाने होणारा घोटाळा

ही बाहेरची नळी प्रत्येकालाच लागते का, हा प्रश्न डॉक्टरांनाही पडला. लंडनचे विकहॅम यांनी १९८४ मध्येच काही रुग्णांत नळीविना शस्त्रक्रिया केली होती. पण नंतर नळी न ठेवल्याने त्रास झालेले रुग्ण नोंदले गेले आणि सर्वजण पुन्हा नळीकडे वळले. १९९७ मध्ये अमेरिकेतील बेलमन यांनी मधला मार्ग दाखवला: पाठीतून नळी ठेवायची नाही, तर मूत्रवाहिनीत आतून एक नळी ठेवायची. आपल्या शेजारच्या गुजरातेत नडियाद येथील मूत्रविकार रुग्णालयात डॉ. महेश देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाड नळी, बारीक नळी आणि बाहेर नळी नसलेले, अशा १०-१० रुग्णांच्या तीन गटांची तुलना करून ती २००४ मध्ये प्रसिद्ध केली. बाहेर नळी नसलेल्या गटात दुखणे कमी होते आणि पाठीतून झिरपणे लवकर थांबले. १० रुग्णांचा गट म्हणजे आमच्या भाषेत लहान वाफा झाला, एवढ्यावर शिफारस देता येत नाही. परंतु पुढे अनेक देशांतील मोठ्या चाचण्यांतही निवडक रुग्णांबाबत हीच दिशा दिसली.

या पद्धतीला 'ट्यूबलेस' म्हणतात आणि इथेच घोटाळा होतो. ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब नसते, हे आपल्याला ठाऊक आहे. ट्यूबलेस शस्त्रक्रियेत मात्र बहुतेक वेळा आत नळी असते. बाहेर दिसत नाही, एवढेच. घरी जाताना हातात कागद मिळतो, त्यावर इंग्रजीत 'ट्यूबलेस' लिहिलेले असते, मुलगा ते वाचून सांगतो, "नळी ठेवलेली नाही." आणि आतली नळी तशीच राहते.

आतल्या या नळीला डीजे स्टेंट म्हणतात. ती साधारण २४ ते २६ सेंटिमीटर लांब आणि २ मिलिमीटरच्या आसपास जाड असते. तिच्या दोन्ही टोकांना वेटोळे असते; एक मूत्रपिंडात बसते, दुसरे मूत्राशयात. त्यामुळे ती घसरत नाही. मूत्रवाहिनीला सूज असली किंवा चुरा उतरत असला तरी लघवी नळीतून व नळीच्या कडेने खाली जाते.

स्टेंट असताना वारंवार लघवीला जावे लागते, जळजळ होते, कष्टाचे काम केले की लघवी लालसर होते. लघवी करतानाच कुशीत कळ येते, याचे पुष्कळांना नवल वाटते. याचे कारण खारभूमीच्या शेतकऱ्याला लगेच कळेल. खाडीच्या बांधाला उघाडी असते. ओहोटीला ती उघडते व शेतातील पाणी बाहेर जाते, भरतीला ती मिटते व खारे पाणी आत येत नाही. मूत्रवाहिनी मूत्राशयाला मिळते तिथे निसर्गाने अशीच व्यवस्था केली आहे. स्टेंट त्यातून आरपार गेल्यामुळे ती नीट मिटत नाही. लघवीला जोर केला की थोडी लघवी उलटी वर चढते आणि कुशीत कळ येते. म्हणून जोर करू नये, लघवी तुंबवू नये. त्रास फार असल्यास डॉक्टर गोळ्या देतात, त्यांनी फरक पडतो.

आणखी दोन प्रकार थोडक्यात सांगतो. कधी आतली नळी मूत्रमार्गातून बाहेर आणून लघवीच्या नळीला बांधून ठेवतात आणि एक-दोन दिवसांत दोन्ही एकदम काढतात. ही युरेटेरिक कॅथेटर. ती रुग्णालयातच निघते, विसरण्याचा प्रश्न नाही. दुसरा प्रकार म्हणजे बाहेरही नाही आणि आतही नाही. खडा पूर्ण निघालेला, एकच वाट केलेली, रक्तस्राव नाही, लघवीत पू नाही, आत कुठे फाटलेले नाही, असे असेल तरच सर्जन हे धाडस करतात, आणि ते योग्य आहे.

कोणती सोय चांगली?

असा प्रश्न मला विचाराल तर उत्तर देणार नाही. कोणती जमीन चांगली याचे जसे एकच उत्तर नसते, तसेच हे आहे. रक्तस्राव झाला, दोन-तीन वाटा कराव्या लागल्या, खडा राहिला, पू निघाला, किंवा रुग्णाला एकच मूत्रपिंड आहे, अशा वेळी बाहेरची नळी सुरक्षित. निर्णय शस्त्रक्रियेच्या शेवटी, आतील स्थिती पाहून सर्जनच घेतात. "शेजाऱ्याला नळी ठेवली नाही, मग मला का?" असा वाद घालू नये.

पण एक गोष्ट आपण आधी सांगितलीच पाहिजे, ती म्हणजे आपण कुठे राहतो. डॉक्टरांना ती आपल्याशिवाय कोण सांगणार? रत्नागिरीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे, तरी आपल्यापैकी पुष्कळ जण अशा शस्त्रक्रियेसाठी कोल्हापूर किंवा मुंबई गाठतात. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबा घाटात दरडी येऊन कोल्हापूरचा रस्ता बंद पडला होता. गाव आडबाजूला आहे, पावसाळ्यात रात्री वाहन मिळत नाही, पुन्हा यायला पूर्ण दिवस जातो, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. त्यानुसार ते एक दिवस जास्त ठेवून घेतील, किंवा स्टेंट काढण्यासाठी जवळच्या तज्ज्ञाकडे चिठ्ठी देतील. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रविकारांच्या शस्त्रक्रिया आहेत. आपण या योजनेतून शस्त्रक्रिया करून घेत असाल तर स्टेंट काढण्याचा खर्च त्यात धरला आहे का, हे दाखल होतानाच आरोग्यमित्राला विचारावे. पैशासाठी नळी काढणे पुढे ढकलणारेही आहेत, म्हणून सांगतो.

घरी आल्यावर

काही रुग्णांना बाहेरची नळी घेऊनच घरी पाठवतात. पिशवी नेहमी कमरेच्या खाली असावी, म्हणजे लघवी उलटी जाणार नाही. झोपताना नळीला पीळ पडलेला नाही ना, ते पाहावे. पिशवी पूर्ण भरेपर्यंत थांबू नये. तिच्या वजनाने नळी ओढली जाते. नळीतून येणे एकाएकी थांबले आणि कूस दुखू लागली तर नळी तुंबली असे समजावे. नळी निसटली तर ती स्वतः आत सारू नये. स्वच्छ फडके लावावे, नळी सोबत घ्यावी आणि ताबडतोब रुग्णालयात जावे.

लघवीच्या रंगाविषयी बरीच भीती असते. पातळ कोकम सरबतासारखा गुलाबी रंग पहिले काही दिवस चालतो, आणि स्टेंट असेल तर काम केल्यावर पुन्हा दिसतो. पाणी प्यावे, विश्रांती घ्यावी. पण आगळासारखा दाट लाल रंग आला, रक्ताच्या गुठळ्या पडू लागल्या किंवा लघवी अडली तर थांबू नये. असा रक्तस्राव शस्त्रक्रियेनंतर आठ-पंधरा दिवसांनीही, सर्व ठीक चाललेले असताना होऊ शकतो. आतील जखमी रक्तवाहिनी फुगून फुटल्याने तो होतो आणि तिच्यावर उपचार आहे, पण तो रुग्णालयातच. थंडी वाजून ताप आला तर तेच. गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नये, त्याच रात्री निघावे. मलेरिया असेल, लेप्टो असेल, असे अंदाज घरी बांधू नयेत. आत नळी आहे, हे तपासणाऱ्या डॉक्टरांना प्रथम सांगावे.

आता शेतीकामाचे. पाठीवरचा फवारणी पंप भरला की १६ लिटर पाण्याचे वजन होते, आणि ते नेमके जखमेवर टेकते. गळका पंप असेल तर औषध पट्टीत मुरते. जखम पूर्ण भरून डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत पंप पाठीवर घेऊ नये. भातखाचरात उतरू नये. चिखलाचे पाणी उघड्या जखमेला लागणे केव्हाही वाईट, आणि आपल्या भागात लेप्टोस्पायरोसिस आहे. आंब्यावर चढू नये. झेल्याने जमिनीवरून निघेल तेवढे काढावे, तेही हलके काम सुरू करण्यास हरकत नाही असे सांगितल्यावर.

तारीख

माझ्या परिचयातील एका बागायतदाराची शस्त्रक्रिया आंब्याचा हंगाम उरकून मेच्या तिसऱ्या आठवड्यात एका मोठ्या शहरात झाली. कागदावर चार आठवड्यांनी स्टेंट काढण्यास या, असे इंग्रजीत लिहिले होते. चार आठवडे म्हणजे जूनचा मध्य. मृग लागलेला, तरवा रुजलेला, माणसे मिळत नाहीत. थोडी जळजळ होती, ती पाणी पिऊन सहन झाली. पुढे लावणी, गणपती, कापणी, मग आंब्याचा मोहोर. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर लघवीतून रक्त जाऊ लागले आणि ताप आला तेव्हा क्ष-किरणात आतली नळी दिसली. दोन्ही टोकांना खडे धरले होते. एका खड्यासाठी एक शस्त्रक्रिया झाली होती. नळी काढायला तीन कराव्या लागल्या. मूत्रपिंड वाचले, पण पूर्वीइतके काम करीत नाही.

असे होण्याचे कारण कळण्यासारखे आहे. लघवीत सतत बुडालेल्या कोणत्याही नळीवर क्षार चढतात, आणि ज्याला एकदा खडा झाला त्याच्या लघवीत क्षार आधीच जास्त. ठिबकच्या नळ्यांवर वर्षभरात पांढरे पुट बसते ते पाहावे. तिथे आम्ल सोडून नळी साफ करता येते, येथे ती सोय नाही. म्हणून पीसीएनएलनंतर स्टेंट सामान्यतः १ ते ४ आठवड्यांत काढतात. साधा स्टेंट ३ महिन्यांपलीकडे ठेवत नाहीत. त्रास नाही म्हणून ठेवून दिला तर पुट चढतच जाते, नळी कडक होते, ओढताना तुटते, आणि फार काळ गेल्यास मूत्रपिंड गमवावे लागू शकते.

तरव्याचे दिवस आपण बोटांवर मोजतो. २१ ते २५ दिवसांचे रोप लावावे म्हटले की तीस दिवस होऊ देत नाही, फुटवे कमी येतील म्हणून. स्टेंटचे दिवस त्याच वहीत लिहावेत. रुग्णालयातून निघण्यापूर्वी डॉक्टरांना मराठीत विचारावे: माझ्या अंगात आत काही ठेवले आहे का? कोणत्या बाजूला? कोणत्या तारखेला काढायचे? कोण काढणार? उत्तरे त्यांच्यासमोर लिहून घ्यावीत आणि घरातील दुसऱ्या माणसालाही सांगावीत. दोन्ही बाजूंना स्टेंट असतील तर तसे लिहावे, एक काढून दुसरा राहिल्याची उदाहरणे आहेत. शस्त्रक्रियेची निकड नसेल आणि डॉक्टरांची संमती असेल, तर ती तारीख लावणीत येणार नाही अशा बेताने वेळ ठरवावी. वेदना, ताप किंवा लघवी अडणे असेल तर मात्र हंगाम पाहत बसू नये.

स्टेंट काढण्याची भीती बाळगू नये. बहुधा भूल देण्याची गरज पडत नाही. मूत्रमार्गात बधिर करणारे औषध सोडून लहान दुर्बिणीने नळीचे टोक धरतात आणि ओढून घेतात. काही मिनिटांचे काम आहे. त्या दिवशी थोडी आग होते, ती पाण्याने कमी होते. पाणी यापुढेही इतके प्यावे की दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी व्हावी. आंबा काढणीच्या दिवसांत त्यासाठी पाण्याची बाटली झाडाखाली नेऊन ठेवावी लागेल. मीठ, सुकी मासळी, लोणचे कमी करावे. दूध आणि नाचणी मात्र बंद करू नये, कॅल्शियम आहारातून तोडल्याने काही प्रकारचे खडे उलट वाढतात. काढलेला खडा तपासणीस पाठवला आहे का, तेही विचारून ठेवावे.

आणि नळी काढल्यावर ती दाखवण्यास सांगावे. दोन्ही टोकांची वेटोळी शाबूत आहेत, एवढे डोळ्यांनी पाहावे, कागदावर 'स्टेंट काढला' असे तारखेसह लिहून घ्यावे, आणि मगच वहीतील त्या ओळीवर काट मारावी.